खळ दिलेली छत्री

माझ्याकडे एक खिळा आहे. बोटभर लांब, मधोमध वाकलेला, एका बाजूला घासून घासून गुळगुळीत झालेला. पत्र्याच्या डबीत सुया आणि मेणाच्या गोळीशेजारी तो राहतो. लोक घरात देव ठेवतात. मी देवही ठेवते आणि खिळाही ठेवते. सकाळी उठल्यावर आधी कोणाकडे नजर जाते ते मात्र मला विचारू नका.

खिळा आमच्या गावच्या मंडईतला. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. सावली तालुक्यातलं आमचं गाव लहान, पण मंडई दांडगी, कारण लाकडी आकाशझुला आमच्याच गावच्या माणसाचा होता. सावलीपासून कुरखेड्यापर्यंत तो झुला बैलबंडीवर फिरायचा. त्या माणसाला सगळे झुलेवाले भाऊ म्हणत. माझ्या तोंडून त्याच्यासाठी 'भाऊ' कधी निघालं नाही, म्हणून इथेही मी नुसतं झुलेवाला म्हणेन.

मी तेव्हा शाळेत होते आणि माझा धाकटा भाऊ नुकता शाळेत जायला लागला होता. झुल्यात आधी तो बसला. मी त्याच्या चपला हातात धरून माझ्या पाळीची वाट पाहत खाली उभी होते. त्याचा पाळणा अगदी वर गेला आणि एका बाजूने निखळला. भाऊ खाली आला तो गुडघ्यावर. त्याच्या आधी माझ्या पायाशी येऊन पडला तो हा खिळा. पाळण्याच्या कडीत जाड लोखंडी पिन असायला हवी होती. पिन हरवली होती, म्हणून झुलेवाल्याने तिथे खिळा घालून वाकवून दिला होता. हे कळायला मला कोणा इंजिनिअरची गरज पडली नाही. इतर कड्यांमध्ये पिना होत्या आणि त्या एका कडीत काहीच उरलं नव्हतं.

संध्याकाळी झुलेवाला आमच्या अंगणात आला. एकटा नाही, गावातली चार मोठी माणसं घेऊन आला. भाऊ आत विव्हळत होता. झुलेवाला म्हणाला, "पोरगा झुल्यात उभा झाला. मी खालून वरडून राह्यलो होतो, बस रे, बस रे. आयकलंच नाई." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. बाबांची धानाची रोवणी त्याच्या बैलांवर चालायची. बाबांनी हात जोडले. "चुकलं भाऊ. लहान आहे पोरगा." मी दारात उभी होते. मी पुढे झाले आणि मूठ उघडली. खिळा सगळ्यांना दिसायच्या आत बाबांनी माझी मूठ आपल्या हाताने बंद केली आणि तशीच घट्ट दाबून धरली. खिळ्याचं टोक माझ्या तळहातात रुतलं, तरी त्यांनी हात सोडला नाही.

भावाचा गुडघा वाकडाच जुळला. तो काठी घेऊन चालतो. पण त्याहून वाईट झालं ते वेगळंच. गावात ती म्हण होऊन बसली. पोर बैलबंडीत उभं राहिलं, नावेत उभं राहिलं, पंगतीत उठून उभं राहिलं, की कोणी ना कोणी बोलायचंच, "बस खाली, त्याच्यासारखा उभा नको होऊ." भाऊ समोर असला तरी बोलायचे. तो हसायचा. त्याच्या हसण्याने माझ्या अंगाची लाही व्हायची.

मी डूख धरला. नागीण धरते म्हणतात तसा. मला झुलेवाल्याचं घर जळायला नको होतं, त्याचे बैल मरायला नको होते. मला इतकंच हवं होतं, की त्याने ह्याच गावात, ह्याच मंडईत, सगळ्यांच्या देखत म्हणावं, पोरगा उभा नव्हता, खिळा होता. म्हणताना त्याची मान खाली असावी, आणि देवाला जमलं तर त्याच वेळी त्याच्या पोटात चांगली कळ यावी.

पुढे माझं लग्न फौजेतल्या माणसाशी झालं. तो आजारात गेला आणि मला छावणीतल्या पॅराशूट विभागात कामाला घेतलं. शिवणकाम येत होतं, म्हणून आधी शिलाईत, मग तपासणीत. पॅराशूटला आम्ही तिथे छत्रीच म्हणायचो. लांबच लांब टेबलं, त्यांवर पसरलेलं रेशमासारखं कापड, आणि आम्ही दोन्ही बाजूंनी वाकून बोटं फिरवत चाललेल्या. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, बोटांवर ठेवायचा, हे तिथलं पहिलं शिक्षण. दोरी दोन बोटांतून टोकापर्यंत ओढायची. शिलाई नखाने चाचपायची. दोऱ्या पिशवीत रबराच्या वेढ्यांत घडी करून बसवतात, का तर त्या एकामागून एक सुटाव्यात. वेढा वेढ्यात अडकला की वरच्या माणसाचं काय होईल ते बोलायचं नाही, वेढा सोडवायचा आणि पुन्हा घालायचा.

त्या कामात माझ्या स्वभावाचं सोनं झालं. कोणावरच विश्वास न ठेवण्याबद्दल पगार मिळत होता. प्रत्येक कडीत मला खिळा दिसायचा. "इतनी जलती क्यूँ है सबसे?" असं आमचे मोठे तपासनीस विचारायचे, आणि सगळ्यात अवघड छत्र्या माझ्याच टेबलावर पाठवायचे.

तिथल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिली अशी, की छत्री उघडणं वेगळं आणि फुगणं वेगळं. ओलसर राहिलेली एक छत्री आम्ही चाचणीसाठी वाळूच्या पोत्याला बांधून वरून सोडली होती. पिशवी उघडली, दोऱ्या सरळ झाल्या, कापड बाहेर आलं. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. पण घड्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या, आत हवा शिरायला वाटच नव्हती. पिळलेल्या धोतरासारखी ती छत्री पोत्याच्या मागे मागे खाली आली. पोतं फुटलं, वाळू माझ्या केसांत गेली. दुसरी गोष्ट म्हणजे बाद झालेली छत्री तिथल्या तिथे कापायची. नुसता लाल शिक्का मारून भागत नाही. शिक्का पुसता येतो, आणि कोणीतरी शहाणा ती बाहेर नेऊन वापरतोच. म्हणून बाद म्हटलं की त्याच हाताने दोऱ्यांवर कातर चालवायची, जोडता येणार नाहीत अशा. नोकरी सुटली तेव्हा मी दुसरं काही मागितलं नाही, ती कातर मागून घेतली.

आता मी गावात भावाबरोबर राहते. त्याने लग्न केलं नाही. पाय गेला तरी गळा राहिला, आणि त्या गळ्यावर त्याने घर चालवलं. त्याच्याकडे भोंगे आहेत, माईक आहे. लग्न, भागवत, मंडई, सगळीकडे पुकारायला तोच. हरवलेलं पोर असो की नाटकाची वेळ, त्याच्या आवाजात सांगितलं की लोकांना खरं वाटतं.

गेल्या मंडईच्या आधी अध्यक्ष घरी आले. मंडईचे अध्यक्ष म्हणजे गावातले सगळ्यात वडीलधारे, अंगणात त्या संध्याकाळी आलेल्या चौघांतले आता तेच एकटे उरलेत. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "बाई, झुलेवाल्या भाऊनं पॅराशूट आनलं आहे चांद्याहून. जीपले बांधून मानूस वर नेते. तुमी फौजेत हेच काम करत होत्या ना? तुमी पाहून हो मना, मगच आमी परवानगी देऊ."

मी लगेच हो म्हटलं. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. मी तपासायला नाही, पाडायला चालले होते. त्याच्या वस्तूत खोट असणारच, जित्याची खोड आहे ती, आणि ती खोट मी सगळ्या मंडईसमोर बोटाने दाखवणार. मग त्याच्याच तोंडून जुनी खोटही काढणार. मांडे मनातले होते, पण फार गोड होते.

अध्यक्ष गेल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "बाई, पयल्यांदा वर मीच जानार आहे."

"तू? त्याच्या छत्रीत?"

"त्यानं इचारलं, मी हो मनलं. बिनतारी माईक घेऊन जातो. वरून बोलतो लोकाईशी."

"काऊन जाऊन राह्यला? तो आपलं नाव धुऊन घेऊन राह्यला तुझ्या जिवावर. लंगड्याले वर नेलं, आता सगळं फिटलं, असं मनतील लोकं. समजत नाई तुले?"

"समजते." तो काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत बसला. "पन मले वरून गाव पाहाचं आहे. मागच्या वेळी पाहून झालं नाई."

मी भांडी घासायला गेले आणि ती जरा जास्तच आपटली.

मंडईच्या सकाळी मी कातर आणि खिळा कमरेच्या पिशवीत घेऊन आखरावर गेले. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथे रोज सकाळी गावची गुरं गोळा होतात. शेण उचलून, चुना मारून तिथे पट्टा आखला होता. एका टोकाला जीप. झुलेवाला म्हातारा झालाय, पण केस काळे करतो. मला पाहून म्हणाला, "ये बाई. पाहा बरोबर. आता पयल्यासारखं नाई राह्यलं."

मी माणसाला बांधायच्या पट्ट्यांपासून सुरुवात केली. कमरेचे पट्टे, मांड्यांचे पट्टे. शिलाई सलग, दोरा न विटलेला. दाताने ओढून पाहिली. कड्या पाहिल्या. प्रत्येक कडीची पिन पाहिली, फिरवली, पुन्हा पाहिली. सगळ्या पिना मूळच्या, एकाच घडणीच्या, वर तेलाचा थेंबही दिलेला. जीपची दोरी बोटांतून टोकापर्यंत ओढली. कुठे गाठ नाही, कुठे फुसका धागा नाही. छत्रीच्या दोऱ्या एकेक करून मोजल्यासारख्या पाहिल्या. सगळ्यांची लांबी सारखी, टोकं जाळून बंद केलेली.

प्रत्येक वस्तू चांगली निघत होती आणि माझा पारा चढत होता. वर्षानुवर्षं ज्याला मनात शिव्या घातल्या तो माणूस एवढा शहाणा कधी झाला? खिळ्याने शिकवलं असणार त्याला. माझ्या भावाच्या गुडघ्यावर हा शिकला आणि आता ते शहाणपण मिरवतोय. मला रडू यायला लागलं, रागाने. मी नाक पुसलं आणि शेवटी कापडाकडे वळले.

छत्री पिशवीतच होती. मी पिशवीत हात घातला आणि थांबले. कापड कडकड वाजलं. छत्रीचं कापड असं वाजत नाही. ते सळसळतं, हातातून निसटतं. हे कडक होतं, लग्नातल्या फेट्यासारखं. मी घडी बाहेर काढून नाकाशी नेली. भाताचा आंबूस वास आला.

"हे काय लावलं?" मी विचारलं.

झुलेवाल्याची छाती फुगली. "चिखल लागला होता बाई. सुनेनं धुतलं, मंग पेजेची खळ देली. घडी करून धानाच्या पोत्याईखाली दाबून ठेवलं. पाहा कसं कोरं करकरीत झालं! नव्यावानी."

आमच्याकडे हे असंच. घरात भात आहे म्हणजे पेज आहे, आणि पेज आहे म्हणजे खळ आहे. धोतर असो, नऊवारी असो, पाहुण्यांसाठीची चादर असो, धुतली की खळ द्यायची, पोत्याखाली दाबायची. सून चांगल्या घरची, मन लावून काम करणारी. तिने मानाच्या वस्तूला मानाने धुतलं. फक्त दाबताना कापड ओलं होतं आणि पेज घट्ट होती. घडीवर घडी, घडीवर घडी, सगळी छत्री एका जाड पापडासारखी चिकटून बसली होती. मागच्या बाजूला हवा जायला फटी असतात, त्याही बंद. मी एक घडी ओढून सोडवली. ती फाटल्यासारखा आवाज करत सुटली आणि कापडावरचा गुळगुळीत लेप पापुद्र्यासारखा खळीबरोबर निघून आला.

सांगते ते खरं मानायचं तर माना. त्या क्षणी मला आनंद झाला. सापडला, असं झालं. त्यानंतर लगेच वाळूचं पोतं आठवलं, आणि मग लांब भोंग्यांच्या खांबाजवळ नवा शर्ट घालून उभा असलेला माझा भाऊ दिसला.

"हे नाई उडत," मी म्हटलं. "एक बाजू फुगेल, दुसरी चिकटून राहील. मानूस आडवा फेकल्या जाईल. वाहत्या पान्यात भिजू घाला, सावलीत वाळवा, मंग मी पुन्हा पाहीन. दोनचार दिवस तरी लागतील."

"मंडई आजच आहे बाई."

"मले काय सांगता?"

"हातानं सोडवू ना घड्या. झटकून घेऊ."

"लेप निघून राह्यला, दिसत नाई का? जिथून सुटेल तिथून फाटेल."

झुलेवाल्याने जीपजवळच्या दोघांना चहाला पाठवून दिलं. ते गेल्यावर तो माझ्या जवळ आला. त्याच्या तोंडाला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास होता. "तुले काय पाहिजे ते मले ठाऊक आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं तोंड फिरवून जातेस. सांगतो मी. भोंग्यावर सांगतो, खिळा होता म्हनून. पोरगा उभा नव्हता म्हनून. अध्यक्षासमोर सांगतो. तू फक्त हो मन."

मी ज्यासाठी जगले ते कोणी ताटात वाढून समोर ठेवलं होतं. हो म्हणायला किती वेळ लागतो? मी छत्रीकडे पुन्हा पाहिलं. खरंच झटकली तर? जीप हळू चालवली तर? आखरावर काय, फार उंच थोडंच जाणार आहे? असे विचार माझ्याच डोक्यात आले, बाहेरून कोणी घातले नाहीत. अशाच विचारांनी त्याने त्या कडीत खिळा घातला असणार. हे लक्षात आलं आणि मला स्वतःचीच किळस आली. तरी बदला सुटेना.

"आधी सांगा," मी म्हटलं. "मंग हो मनते."

हे खोटं होतं. त्याने सांगितलं असतं तर मी त्याच तोंडाने नाही म्हणणार होते. त्याला फसवायला मला काडीची लाज वाटत नव्हती. पण तोही याच मातीतला. "आधी तू," म्हणाला. "मंग मी." आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिलो, बैलबाजारात सौदा करणारे रुमालाखाली बोटं धरून उभे असतात तसे. कोणीच सोडेना.

तेवढ्यात लोक जमायला लागले. भाऊ काठी टेकत आला, हातात बिनतारी माईक. मागून अध्यक्षही आले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, छत्री बाद आहे, आज उडायची नाही. भावाचा चेहरा उतरला. तो छत्रीपाशी बसला, घडीवर हात फिरवला, कडकड ऐकली.

झुलेवाला हसला. लोकांकडे वळून म्हणाला, "बाई फौजेतल्या आहेत, त्याईले हर गोष्टीत बॉम्ब दिसते. अरे, खळ आहे ती, जहर नाई! हवा लागली का सुटते आपोआप. काय रे, तू तर तयार आहेस ना?"

आणि माझा भाऊ म्हणाला, "हो. मी तयार आहे. पाहू काय होते ते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष माझ्याकडे पाहू लागले आणि मग टाळ्या वाजवणाऱ्यांकडे. इतक्या माणसांचा उत्साह मोडायचा जीव त्यांच्यात राहिला नव्हता. झुलेवाल्याने पट्टा उचलला आणि भावाच्या कमरेला लावायला घेतला. जीप सुरू झाली. लहानपणी भाऊ झुल्यात बसला तेव्हा मी चपला हातात धरून खाली उभी होते. या वेळी माझ्या हातात कातर होती.

मी दोऱ्यांचा जुडगा डाव्या हातात धरला आणि कातर चालवली. नायलॉन चिवट असतं, एका दमात कापलं जात नाही. मी दात खाऊन दाबत राहिले. कचकच, कचकच. एका बाजूच्या झाल्या, दुसऱ्या बाजूच्या धरल्या. धुऊन वाळवून वाचली असती ती छत्री, हे मला ठाऊक होतं. विभागात मी अशी छत्री कापली नसती, धुवायला पाठवली असती. पण विभागात दाराला कुलूप होतं आणि माझा भाऊ पट्ट्यात उभा नव्हता. शेवटच्या काही दोऱ्या मी कापल्या नसत्या तरी चाललं असतं. त्या मी बाबांसाठी कापल्या.

झुलेवाला धावून आला, पण तोवर दोऱ्या गवतात तुकडे होऊन पडल्या होत्या. त्याच्या तोंडाला फेस आला. तो अंगावर ओरडायला लागला, आणि मला वाटलं आवाज सगळीकडून येतोय. बाजारातून, शाळेच्या भिंतीवरून, धानाच्या बांध्यांपलीकडून.

"एका खिळ्यासाठी! एका सडक्या खिळ्यासाठी इतकी वर्षं डूख धरला या बाईनं! पिन हरवली होती, दुसऱ्या दिवशी मंडई होती, पिन काय मी पोटातून काढू? घातला खिळा! वाकवून घातला होता, पक्का! सगळेच घालत होते तवा! मेला का तो? मेला तर नाई ना!"

भोंग्यांनी प्रत्येक शब्द गावभर पोचवला. मी भावाकडे पाहिलं. कमरेला अर्धवट लावलेला पट्टा, एका हातात काठी. दुसऱ्या हातातला माईक त्याने झुलेवाल्याच्या तोंडासमोर धरला होता, पंगतीत कोणाला पाण्याचा गडवा पुढे करावा तसा अदबीने. माईकच्या बटणावर त्याचा अंगठा होता. लहानपणापासून हसून सोडून देणारा माझा भाऊ. त्या वेळी तो हसत नव्हता.

झुलेवाल्याला माईक दिसला आणि तो गप्प झाला. जिलेबीवाल्याने कढईतला झारा वर धरला होता तो तसाच राहिला. लांब कुठेतरी भोंग्यातून 'नाई ना' परत ऐकू आलं आणि विरलं.

अध्यक्ष पुढे आले. त्यांना कमी ऐकू येतं, पण भोंग्यातलं ऐकू येतं. "कोनता खिळा?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीत हात घालून तो काढला आणि त्यांच्यासमोर मूठ उघडली. वाकलेला, एका बाजूने गुळगुळीत. अध्यक्षांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला, मग झुलेवाल्याकडे पाहिलं. माझी मूठ बंद करायला या वेळी कोणी नव्हतं. झुलेवाला खाली पाहत होता, कापलेल्या दोऱ्यांकडे. त्याच्या पोटात कळ आली की नाही कोणास ठाऊक. माझं समाधान झालं नाही. आणखी हवं होतं.

ते भावाने दिलं. त्याने पट्टा सोडून गवतावर टाकला, माईक स्वतःच्या तोंडाशी नेला आणि घसा साफ केला. नाटकाची वेळ सांगतो त्याच आवाजात, अक्षर न् अक्षर सुटं करून, तो बोलला.

"ऐका हो ऐका. त्या दिवशी झुल्यात मी उभा झालोच नव्हतो. मी बसून होतो. दोन्ही हातानं दांडी धरून बसून होतो."